तुम्ही नाही चुकलात, कागद चुकला

साळवे साहेबांच्या घरी तुम्ही चहाला गेलात, तर ते तुम्हाला चहा देत नाहीत. कागद देतात.

त्या कागदावर चहा कसा करायचा ते लिहिलेलं असतं. पायरी एक, पायरी दोन, अशा अकरा पायऱ्या. तुम्ही पाहुणे असलात तरी उठायचं आणि कागद वाचत वाचत त्यांच्याच घरात चहा करायचा. साहेब कानावर पेन्सिल ठेवून दाराच्या चौकटीला टेकून बघत उभे राहतात. मदत काडीची करत नाहीत. तुम्ही साखर शोधताना हळदीच्या डब्याला हात घातलात की मात्र पेन्सिल कानावरून हातात येते.

"थांबा. कुठल्या पायरीला अडलात?"

"अडतोय कशाला? साखर सापडंना."

"म्हणजे चौथी पायरी." लगेच खाडाखोड सुरू. "तुम्ही नाही चुकलात. कागद चुकला. 'साखरेचा डबा' एवढंच लिहिलंय. 'निळ्या झाकणाचा' असं पाहिजे होतं."

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला राग आला होता. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, मला चहा शिकवतो का हा! चहा चांगला झाला तो माझ्या हातामुळं, कागदामुळं नाही, असं मी तोंडावर सांगितलं. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

साळवे साहेब आमच्या साखर कारखान्यात सर्व्हर सांभाळतात. कारखाना शिरूर तालुक्याच्या कडेला, नदी ओलांडली की दौंड. सर्व्हर म्हणजे काय ते मला कळलं तेवढं सांगतो. गेटवर, वजनकाट्यावर, शेतकी ऑफिसात सगळीकडं कॉम्प्युटर आहेत. ते सगळे ज्या डोक्याला विचारून काम करतात, ते डोकं म्हणजे सर्व्हर. उसाची कुठली गाडी कधी आली, कुणाचा नंबर कितवा, सगळं त्या डोक्यात. काचेच्या गार खोलीत लोखंडी कपाटासारखी दोन धुडं उभी आहेत. एकाचं नाव थोरला, दुसऱ्याचं धाकटा. थोरला काम करतो, धाकटा त्याची नक्कल उतरवून ठेवतो. नावं साहेबांनीच दिली आणि चिठ्ठ्या करून चिकटवली.

त्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसणारा वॉचमन म्हणजे मी. मला सगळे आबा म्हणतात. शाळा तिसरीपर्यंत. अक्षराला अक्षर लावून वाचतो, पण वाचतो. आणि एक सांगून ठेवतो, मी कुणाला काही विचारत नाही. रस्ता चुकलो तर चार मैल जास्त चालेन, पण विचारणार नाही. घरातली मंडळी याला खोड म्हणतात. म्हणू देत.

साळवे साहेबांना माझी हीच खोड आवडली.

"आबा, विचारणारा माणूस कागद वाचतच नाही," ते म्हणाले. "मला तुमच्यासारखाच माणूस पाहिजे होता. तुम्हाला समजलं तर जगाला समजलं."

आता हा मान होता का अपमान, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण तेव्हापासून त्यांची वही माझ्यावर तपासली जाऊ लागली.

त्या वहीत सर्व्हर आजारी पडला तर काय करायचं ते सगळं लिहिलेलं. प्रत्येक पानाची पहिली पायरी एकच, 'घाबरू नका'. दुसरी, 'पाणी प्या'. मी म्हटलं, "पाणी कशाला? मशीन बिघडलंय का मी?" तर म्हणाले, "आधी माणूसच बिघडतो, आबा. मशीन नंतर."

वहीचा एवढा ध्यास का, ते एकदा जेवताना त्यांनी सांगितलं. त्यांच्या आधी या जागेवर जो माणूस होता, तो एकाएकी वारला. जे काही होतं ते त्याच्या डोक्यात होतं, त्याच्याबरोबर गेलं. साहेब नवीन आले आणि तिसऱ्याच दिवशी सर्व्हर बंद पडला. विचारायला कुणी नाही, लिहिलेलं काही नाही. कपाटामागं एका वायरला फक्त एक चिठ्ठी बांधलेली होती, 'हे काढू नये'. का काढू नये, ते लिहिलेलं नव्हतं. ती वायर आजही तिथंच आहे. ती कुठं जाते ते कुणालाच माहीत नाही आणि काढायची साहेबांचीही छाती होत नाही.

"एक ओळ जास्त लिहिली असती आबा, तर मी त्या खोलीत रडत बसलो नसतो."

पन्नाशीच्या माणसानं डब्यातल्या भाकरीकडं बघत हे सांगितलं. मी ठेचा पुढं सरकवला. आणखी काय करणार?

दुसरा ध्यास ग्रुपचा. आमच्या भागातल्या दूध डेअरीत, कॉलेजात, दवाखान्यात, शिरूरच्या मार्केट यार्डात, जिथं जिथं असा एकेक सर्व्हर आहे, तिथं एकेक माणूस गार खोलीत एकटा बसलेला असतो. साहेबांनी त्या सगळ्यांना फोनवर एका ग्रुपात बांधलं. कुणाचं काही अडलं की त्यानं विचारायचं, बाकीच्यांनी सांगायचं. आणि सुटलं की कसं सुटलं ते लिहिलंच पाहिजे. नुसतं 'झालं, आभारी आहे' लिहून कुणी पळाला, तर साहेब त्याला फोन लावून धरायचे. "काय झालं? कसं झालं? का नवसाला पावला?" डेअरीचा एक तरणाबांड गडी त्यांच्या भीतीनं चार पानं लिहायचा.

मलाही त्या ग्रुपात घेतलं. मी कधी तोंड उघडलं नाही. बोललेले निरोप यायचे, मी ऐकायचोही नाही. फोनवर नुसता आकडा चढत जायचा.

आता माझ्या पापाची गोष्ट सांगतो.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते. बॉयलरला हार, मोटारींना हळदकुंकू. साहेब त्या दिवशी सुट्टीवर होते, तेव्हा सर्व्हरची पूजा माझ्याकडं आली. मी किल्लीनं खोली उघडली, ओल्या फडक्यानं थोरल्या-धाकट्याला स्वच्छ पुसून घेतलं. पुसताना त्या चिकटलेल्या चिठ्ठ्या काही बऱ्या दिसेनात. देवाच्या तोंडावर कुणी पत्ता चिकटवतं का? मी सगळ्या सोडवल्या. कपाटांच्या दोन, वायरींच्या बऱ्याच. गंध लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ बाहेर फोडला. संध्याकाळी चिठ्ठ्या परत चिकटवल्या. आठवणीनं.

चार दिवसांनी माझ्या कानाला वेगळं लागलं. थोरल्याचा पंखा जरा घरघरायचा, ते मला दारातूनही कळायचं. आता घरघर धाकट्यातून येत होती.  चिठ्ठ्या उलट लागल्या होत्या. नाही तर कानच म्हातारे झाले होते. दोन्हींतलं एक कबूल करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. साहेबांनी खोलीत पाय ठेवला की माझा जीव खालीवर व्हायचा. ते चिठ्ठीकडं बघतायत का? आता बोलतायत का? पण ते काही बोलले नाहीत. उलट दुसऱ्याच नादाला लागले. नवीकोरी वही आणली आणि जुनी वही तिच्यात पहिल्यापासून उतरवायला बसले. पंधरा-वीस दिवस बसले. बोटाला शाईचा डाग कायमचा.

"आता काय पुराण लिवताय का काय?" मी डिवचलं.

"जुनी वही फाटली, आबा."

जुनी वही फाटलेली नव्हती. पण मी कुठं विचारतो?

हंगाम सुरू झाला. माझं लक्ष जेवणात नव्हतं. सूनबाई म्हणायच्या, आबांना काय झालंय. मला झालेलं त्या काचेच्या खोलीत होतं.

आणि एके दिवशी साहेबांनी सांगितलं, "मी तीन दिवस नाही. मनमाडला लग्न आहे." हातात पिशवी होती, तिच्यातून टॉवेल आणि थर्मास डोकावत होता. लग्नाला थर्मास कोण नेतो?  त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि मोटारसायकलला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला काटा थांबला.

आधी गेटवरून आरडाओरडा आला. मग शेतकी अधिकारी काळोखे साहेब पळत आले, त्यांच्या मागं ट्रॅक्टरवाल्यांचा घोळका.

"आबा, पडद्यावर नुसतं गोल फिरतंय! मिलच्या तोंडाशी, गव्हाणीत, तासाभराचाच ऊस हाय. तवर काटा सुरू झाला न्हाई, तर मिल थांबती. साळवे कुठाय?"

मी साहेबांना फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मोजायचं सोडून दिलं इतक्यांदा लावला.

"हातानं लिवा की नंबर!" एक ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"कुणाचा आधी लिवायचा?" दुसरा लगेच उसळला. "मी काल दुपारी आलोय."

"तू आलास तवा मी जेवून झोपलो हुतो!"

"झोपलास ते झोप अजून!"

बैलगाडीवाले बाजूला मुकाट उभे होते. त्यांचे बैल कालपासून जुवाखाली. यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती आणि कोण कुणाच्या आधी, हे फक्त त्या थोरल्याच्या डोक्यात होतं. ते डोकं पुसलं गेलं, तर त्या यार्डात काय झालं असतं ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. प्रत्येकाच्या हातात कोयता.

"आबा, तुमच्या डब्याला सर्दी झाली का?" कुणीतरी ओरडलं. मी दार लावून घेतलं.

वही उघडली. काटा अडला तर, पान बावीस. घाबरू नका. पाणी प्या. प्यायलो, निम्मं सदऱ्यावर सांडलं. दोन्ही कपाटांवरचे दिवे बघा. दोन्ही नारंगी असतील तर धाकटा अडकला आहे आणि थोरला त्याची वाट बघत थांबला आहे. दोन्ही नारंगीच होते. सहावी पायरी, 'धाकटा' चिठ्ठीच्या कपाटाचं काळं बटण दहा मोजेपर्यंत दाबून धरा.

आणि सातवी, लाल शाईत: 'थोरल्याचं बटण काही झालं तरी दाबू नका. दाबलं तर यार्डातल्या गाड्यांची रांग पुसली जाईल.'

मी बोट पुढं केलं आणि तिथंच थांबलो.

चिठ्ठी म्हणत होती, दाराकडचा धाकटा. माझा कान म्हणत होता, दाराकडचाच थोरला. आणि आज नेमकी दोन्ही कपाटं सारखीच घरघरत होती. वही लिहिणाऱ्याला काय माहीत की चिठ्ठ्या मी लावल्यात? बाहेर काळोखे साहेब काचेवर टकटक करत होते. घड्याळ आपलं चाललेलं.

तेव्हा मी ते केलं, जे आयुष्यात केलं नव्हतं. ग्रुप उघडला, माईकचं बटण दाबून धरलं आणि बोललो. "मी आबा बोलतोय, कारखान्याचा. काटा अडलाय. पान बावीस, पायरी सहा. मला... इचारायचं हाय."

विचारून झाल्यावर दुसरी पायरी परत केली.

मिनिटाच्या आत फोन वाजला. शिरूरच्या मार्केट यार्डातल्या सुरेखाताई. ग्रुपातल्या जुन्या.

"आबा, तुम्ही विचारताय? मग नक्कीच मोठं काम आहे. बोला."

"ताई, चिठ्ठी एक सांगती आन् माझं मन एक सांगतंय. बटण कुठलं दाबू?"

"चिठ्ठीचं."

"पर चिठ्ठ्या..."  बाहेर कुणीतरी कुणाची कॉलर धरली होती. मी डोळे मिटले. "चिठ्ठ्या म्या काढल्या हुत्या. पूजेला. उलट्या लागल्यात. कुणाला बोललो न्हाई."

 मग ताई म्हणाल्या, "वहीच्या पहिल्या पानावर तारीख असेल. दसऱ्याच्या आधीची की नंतरची?"

मी पान उलटलं. "नंतरची."

"मग चिठ्ठी सांगते तेच खरं. चिठ्ठीवर जो धाकटा, तोच आता धाकट्याचं काम करतो. नवी वही तुमच्या चिठ्ठ्यांवर बेतून लिहिलीय. दाबा बिनधास्त."

"म्हंजी साहेबांना..."

"आबा, ते मागनं. आधी बटण."

मी दाबलं. दहा मोजले. माझे दहा नेहमीपेक्षा लांब झाले असतील. धाकट्याचा दिवा विझला. घरघर थांबली.  मग थोरल्याचा नारंगी दिवा हिरवा झाला आणि बाहेर काट्यावरून ओरड आली, "आला! आला! नंबर आला!"

काळोखे साहेबांनी काचेतून हात जोडले. मी स्टुलावर बसलो.

"झालं का?" ताईंनी विचारलं.

"झालं."

"कसं झालं ते लिहा ग्रुपवर. नाहीतर साहेब फोन करतील." मग त्या हळूच म्हणाल्या, "आबा, ते मनमाडला नाहीत. दौंडला दवाखान्यात आहेत. हर्नियाचं ऑपरेशन आहे आज. तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलंय. म्हणाले, आबा उगाच काळजी करत बसतील."

दुपारी पाळी संपल्यावर मी दौंडची जीप धरली. जीपमध्ये बसून फोन कानाला लावला आणि ग्रुपातले जुने निरोप ऐकत गेलो. दसऱ्यानंतरच्या आठवड्यातला साहेबांचा आवाज सापडला.

"एक सल्ला पाहिजे. आमच्याकडं एक वडीलधारं माणूस आहे. त्यांच्या हातून चिठ्ठ्या उलट लागल्यात. थोरल्या-धाकट्याच्याही आणि वायरींच्याही. सांगितलं तर ते मनाला लावून घेतील. खोलीकडं परत फिरकणार नाहीत. आणि दिवसभर त्या खोलीत माझ्याशी बोलायला दुसरं कुणी नाही हो. काय करावं?"

डेअरीवाला म्हणाला, ते घरी गेले की बदलून टाका. कॉलेजवाला म्हणाला, सरळ सांगा, मशीनपुढं भावना नको. सुरेखाताई म्हणाल्या, बदललं तरी त्यांना कळणार, ते कानानं ओळखतात.

मग परत साहेब. "बरोबर. चिठ्ठ्या तशाच राहू देतो. थोरल्या-धाकट्याचं काम आपसात बदलतो, आणि वायरींसाठी सगळी वहीच बदलतो."

त्या वहीत शंभरावर पानं आहेत.

जीप नदीच्या पुलावरून जात होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "आजोबा, बरं वाटत न्हाई का?" मी म्हटलं, "वारं लागतंय डोळ्याला." जीपच्या काचा बंद होत्या.

दवाखान्यात साहेब पलंगावर आडवे होते. चेहरा उतरलेला, हाताला सलाईन, पण दुसऱ्या हाताशी उशीवर पेन्सिल होतीच. मला बघून दचकले. मग नजर माझ्या काखेतल्या वहीवर गेली.

"काटा अडला?"

"अडला हुता. सुटला."

"कुठल्या पायरीला अडलात?"

ही या माणसाची तऱ्हा. कुणी पोट फाडलं तरी हेच विचारणार. मी टोपी काढली.

"सहाव्या. साहेब, चिठ्ठ्या म्या..."

"'काढू नये' असं लिहिलंच नव्हतं मी त्यांच्यावर," ते घाईनं म्हणाले. "आणि का काढू नये तेही नव्हतं लिहिलं. तुम्ही नाही चुकलात आबा. कागद चुकला."

मी टोपी परत डोक्यावर चढवली. 

तेवढ्यात सिस्टर कागदाचं पॅड घेऊन आल्या. "यांचे नातेवाईक तुम्हीच का? काल सकाळपासून 'निघालेत, येतायत' म्हणून सांगतायत. हा रकाना अजून रिकामाच आहे. आलात एकदाचे!"

साहेब भिंतीकडं बघायला लागले.

मी पॅड मांडीवर घेतलं. चष्मा लावला. अक्षराला अक्षर लावून वाचलं. 'जवळच्या नातेवाईकाचं नाव.' मी माझं नाव लिहिलं. सावकाश लिहिलं, पण सुवाच्य. त्याच्या पुढं आणखी एक रकाना होता. 'रुग्णाशी नातं.'

पेन तिथं थांबलं.

साहेबांची मान इकडं वळली. पेन्सिल हातात आली होती. "अडलात?"

"न्हाई," मी म्हटलं, आणि रकान्यात लिहिलं, 'आबा'.

साहेबांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. मग पेन्सिल होती तशी कानावर ठेवून दिली.